पेशींचे कूळ सांगणारे प्रथिन : केराटीन आणि त्याची ओळख पटविणारी प्रतिपिंडे

कर्करोगाच्या संशयावरून काढलेल्या गाठीचा अहवाल हाती येतो, तेव्हा त्यात ‘सायटोकेराटीन : पॉझिटिव्ह’ अशी एखादी ओळ पुष्कळदा असते. अहवाल बहुधा इंग्रजीत असतो. घरातील शिकलेला मुलगा किंवा गावचे गुरुजी तो वाचून दाखवितात, आणि सर्वांच्या ध्यानात ‘पॉझिटिव्ह’ हा एकच शब्द राहतो. क्षयाची किंवा कोविडची तपासणी पॉझिटिव्ह येणे म्हणजे रोग असणे, हे लोकांना ठाऊक झाले आहे. म्हणून येथेही तोच अर्थ लावला जातो आणि घरात रडारड सुरू होते. वास्तविक हा शब्द येथे रोग आहे किंवा नाही याविषयी काहीच सांगत नाही. पूर्णपणे निरोगी माणसाच्या गालाच्या आतील अस्तराची हीच तपासणी केली, तरी तीदेखील पॉझिटिव्हच येईल. ती जे सांगते ते निराळे, परंतु उपचाराच्या दृष्टीने फार मोलाचे असते. तुकड्यात दिसणाऱ्या पेशी कोणत्या कुळातील आहेत, हे ती सांगते.

हे कूळ कसे ओळखले जाते, त्या ओळखीच्या मर्यादा कोणत्या, आणि ती नीट पटावी म्हणून रुग्णाच्या नातेवाइकांनी व आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांनी काय करावयास हवे, याची माहिती येथे देण्याचे योजिले आहे. शिक्षकांना वर्गात उपयोगी पडेल असेही काही त्यात आढळेल.

अभिस्तर ऊती

ताप्तीच्या काठी वसलेल्या बुऱ्हाणपूर शहरास तटबंदी होती, आणि तिच्या दरवाजांची नावे आजही वस्त्यांच्या नावांत टिकून आहेत. शनवारा हे त्यांपैकीच एक. तटाचे काम दुहेरी असते : बाहेरच्यास अडवावयाचे आणि ज्यास आत घ्यावयाचे त्यास दरवाजाने आत घ्यावयाचे. मानवी शरीरात हे काम अभिस्तर ऊती करतात. कातडीचा बाहेरचा थर, तोंडाच्या आतील ओलसर अस्तर, अन्ननलिका, जठर व आतड्यांचे अस्तर, श्वासनलिका, मूत्राशय, गर्भाशयाचे मुख, तसेच स्तन व लाळग्रंथींतील बारीक नलिका या सर्व अभिस्तर ऊतींच्याच बनलेल्या असतात. माध्यमिक शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्राण्यांच्या ऊतींचे चार प्रकार दिलेले असतात, त्यांतील हा पहिला.

काही ठिकाणी हे अस्तर पेशींच्या एकाच थराचे असते. आतड्यात तसे असावेच लागते, कारण तेथून अन्नरस आत शोषून घ्यावयाचा असतो. कातडी व तोंड या ठिकाणी मात्र घर्षण फार. म्हणून तेथे थरावर थर रचलेले असतात. सर्वांत खालच्या तळथरातील पेशी विभागत राहतात, नव्या पेशी वर सरकतात, आणि वरच्या झिजून गळून पडतात. कातडीचा बाह्य थर अशा रीतीने महिना-दीड महिन्यात नवा होतो. तोंडातील अस्तर त्याहूनही लवकर. विटांचा तट एकदा बांधला की तसाच उभा राहतो, हा तट मात्र जन्मभर बांधला जात असतो. जेथे पेशी इतक्या वेळा विभागतात, आणि जेथे तंबाखू, धूर व इतर क्षोभक पदार्थ प्रथम येऊन भिडतात, तेथे विभागणीत बिघाड होण्याचा संभवही अधिक. मोठ्या माणसांत आढळणारे बहुसंख्य कर्करोग अभिस्तर ऊतींतूनच उद्भवतात, याचे एक मोठे कारण हे आहे. अशा कर्करोगास वैद्यकात ‘कार्सिनोमा’ म्हणतात.

ताणा आणि बाणा

केस, नखे, लोकर, गुरांची शिंगे व खूर, पक्ष्यांची पिसे ही ज्या प्रकारच्या द्रव्याची बनलेली असतात त्यास केराटीन म्हणतात. शिंगास ग्रीक भाषेत असलेल्या शब्दावरून हे नाव पडले. त्यात गंधकाचे प्रमाण चांगले असते. केस जळाला म्हणजे जो विशिष्ट उग्र वास येतो तो यामुळेच. कापडाच्या व्यापारातील जुनी माणसे धागा लोकरीचा की सुती हे तो जाळून ओळखतात. सुती धागा कागदासारखा जळतो. लोकरीस केस जळल्याचा वास येतो. शिक्षकांनी एक सुती दोरा व एक लोकरीचा धागा चिमट्यात धरून हा प्रयोग वर्गात करून दाखवावा.

परंतु केराटीन हे केवळ केसानखांतच असते असे नाही. अभिस्तर ऊतीच्या प्रत्येक पेशीत, अगदी मऊ अशा आतड्याच्या अस्तरातही, त्याचे सूक्ष्म तंतूंचे जाळे असते. हा तंतू सुमारे १० नॅनोमीटर जाडीचा असतो. म्हणजे असे एक लाख तंतू शेजारी शेजारी मांडले तर एक मिलिमीटर रुंदी भरेल. पेशीच्या कडेस जी बारीक बिरडी असतात त्यांस हे तंतू अडकविलेले असतात, आणि त्या बिरड्यांनी एक पेशी दुसरीस धरून ठेवते. अस्तर ओढले, घासले, दाबले गेले तरी फाटत नाही, याचे श्रेय या जाळ्यास द्यावयास हवे.

या प्रथिनाची एक गोष्ट यंत्रमागाच्या गावात सांगावयास सोपी आहे. केराटिनांचे दोन वर्ग आहेत. एक किंचित आम्लधर्मी, दुसरा उदासीन वा अल्कधर्मी. तंतू तयार होण्यास दोन्ही वर्गांतील एकेक घटक एकत्र यावा लागतो; एकाच वर्गाचे कितीही रेणू असले तरी तंतू होत नाही. नुसत्या ताण्याचे कापड होत नाही, नुसत्या बाण्याचेही होत नाही. पेशीत एका वर्गाचा जोडीदार उरला नाही, तर दुसऱ्याचे रेणू पेशी स्वतःच मोडून टाकते.

मानवात अशा केराटिनांची ५४ जनुके आहेत. प्रत्येक केराटिनास क्रमांक दिलेला आहे. १९८२ मध्ये जर्मनीतील मोल, फ्रांके व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९ केराटिनांची सूची प्रसिद्ध केली, आणि पुढे भर पडत गेल्याने २००६ मध्ये नव्याने क्रमवारी लावण्यात आली. येथे महत्त्वाचे हे की कोणती जोडी कोठे वापरावयाची याची शरीराने जणू वाटणी करून ठेवली आहे. आतडे, यकृत, स्तनाच्या नलिकांतील आतील पेशी अशा एकेरी अस्तरांत ८ व १८ ही जोडी. कातडी व तोंड यांच्या तळथरात ५ व १४. कातडीची पेशी तळथर सोडून वर चढू लागली की १ व १०. गालाच्या आतील अस्तरात, जेथे कातडीसारखा कठीण पापुद्रा धरत नाही, तेथे वरच्या थरांत ४ व १३. डोळ्याच्या पारदर्शक पटलात ३ व १२. तळहात व तळपायाच्या जाड कातडीत ९. शेतकऱ्यांच्या अंगरख्याच्या विणीवरून जसे पूर्वी मुलूख ओळखीत, तसे पेशीच्या विणीवरून तिचे ठिकाण ओळखता येते. फरक इतकाच की अंगरखा बदलता येतो; पेशी कर्करोगी झाली, तिचा आकार ओळखू न येण्याइतका बिघडला, मूळ जागा सोडून ती दूर गळ्यातील किंवा काखेतील ग्रंथीत जाऊन बसली, तरी आपल्या कुळाची केराटिने ती सहसा सोडत नाही.

या जोड्यांपैकी एखादी जन्मतःच सदोष असेल तर काय होते, हेही सांगणे जरूर आहे. ५ किंवा १४ या केराटिनाच्या जनुकात दोष असलेल्या बालकाच्या अंगावर किंचित घासल्यानेही पाण्याचे फोड येतात, कारण तळथरातील पेशी ताण सहन न होऊन फुटतात. हे कारण १९९१ मध्ये निश्चित झाले. अशा बालकास पाहून ‘देवीचा कोप’ किंवा ‘लागट रोग’ असे म्हणणारे आजही भेटतात. हा रोग संसर्गाने होत नाही. त्या मुलास शाळेत इतर मुलांबरोबर बसविण्यास कोणतीही हरकत नाही. घट्ट चप्पल-बूट व खरबरीत कपडे मात्र टाळावेत आणि त्वचारोगतज्ज्ञास दाखवावे.

प्रतिपिंडांची पारख

केराटीन इतके सूक्ष्म, तर ते कोणत्या क्रमांकाचे आहे हे कळावे कसे? साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ५ आणि ८ यांत काही भेद दिसत नाही. येथे प्रतिपिंडे उपयोगी पडतात. शरीरात परके प्रथिन शिरले की त्यास नेमके धरणारी प्रथिने रक्तात तयार होतात, ही प्रतिपिंडे होत. प्रतिपिंड आपल्या लक्ष्याचा लहानसा भागच ओळखते, परंतु तो इतका काटेकोर ओळखते की शेजारच्या प्रथिनास सहसा स्पर्श करीत नाही.

मानवी केराटीन उंदरास किंवा सशास टोचले तर त्या प्राण्याच्या दृष्टीने ते परके असते, आणि त्याच्या रक्तात केराटिनाविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होतात. आरंभी हीच वापरीत. पण एका प्राण्याच्या रक्तात अनेक तऱ्हेची प्रतिपिंडे मिसळलेली असतात. तो प्राणी मेला की तसाच माल पुन्हा मिळत नाही. १९७५ मध्ये केंब्रिज येथे जॉर्ज कोलर व सेझार मिलस्टाइन यांनी यावर तोड काढली. प्रतिपिंड करणारी उंदराच्या प्लीहेतील पेशी त्यांनी अमर्याद वाढणाऱ्या कर्करोगी पेशीशी एकजीव केली. अशा संकरित पेशीची संतती काचपात्रात वर्षानुवर्षे वाढत राहते व एकाच तऱ्हेचे प्रतिपिंड देत राहते. या शोधाबद्दल दोघांना १९८४ मध्ये नील्स येर्ने यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. कर्करोगाच्या पेशीस असे निदानाच्या कामास जुंपले गेले, ही विज्ञानाच्या इतिहासातील मोठी मौजेची गोष्ट म्हटली पाहिजे.

प्रतिपिंड आपल्या लक्ष्यास चिकटले तरी ते डोळ्यास दिसत नाही. त्यास रंग द्यावा लागतो. अमेरिकेतील अल्बर्ट कून्स यांनी १९४०नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत प्रतिपिंडास चमकणारे रंगद्रव्य जोडण्याची युक्ती दाखविली. पुढे रंगद्रव्याऐवजी एक विकर जोडण्यात येऊ लागले. हे विकर मुळ्याच्याच कुळातील एका वनस्पतीच्या मुळापासून काढतात. त्यावर योग्य रसायन घातले की जेथे प्रतिपिंड चिकटले असेल तेथेच तपकिरी रंग धरतो. पेशींची केंद्रके निळ्या रंगाने रंगवितात. म्हणून अहवाल देणाऱ्या डॉक्टरास काचपट्टीवर निळी केंद्रके व त्यांभोवती तपकिरी जाळी असे चित्र दिसते. तपकिरी रंग आला तर पॉझिटिव्ह, न आला तर निगेटिव्ह. अहवालातील त्या भयंकर वाटणाऱ्या शब्दाचा अर्थ एवढाच आहे.

प्रयोगशाळेत बहुधा प्रथम ‘एई१/एई३’ या नावाचे मिश्रण वापरतात. ते अनेक केराटिनांस एकदमच ओळखते, म्हणून ‘या पेशी अभिस्तर कुळातील आहेत काय’ या ढोबळ प्रश्नास ते पुरते. त्यानंतर गरजेप्रमाणे एकेका क्रमांकाची प्रतिपिंडे लावतात.

गळ्यातील गाठीचे उदाहरण

समजा, एका पन्नाशीच्या गृहस्थांच्या मानेत अवधाण आले आहे. दुखत नाही, ताप नाही. आपल्या भागात अशा गाठीस प्रथम गंडमाळा समजले जाते, आणि क्षयाचे प्रमाण लक्षात घेता ते अगदीच गैर नाही. सुईने किंवा लहान शस्त्रक्रियेने तुकडा काढला. सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या, बेढब पेशींचे पुंजके दिसले. क्षय नाही हे स्पष्ट झाले. पण या पेशी आल्या कोठून?

शक्यता तीन. त्या ग्रंथीच्याच पांढऱ्या पेशी बिघडून झालेला लिम्फोमा असेल. तोंड, घसा किंवा फुप्फुसातील कार्सिनोमा ग्रंथीत पसरला असेल. किंवा त्वचेतील काळ्या रंगद्रव्याच्या पेशींचा मेलानोमा असेल. पेशी फारच बिघडलेल्या असल्या तर तज्ज्ञ डोळ्यासही तिन्ही एकसारख्या दिसतात. मात्र उपचार तिन्हींचे निरनिराळे आहेत. लिम्फोमावर प्रामुख्याने औषधोपचार करतात आणि त्यातील कित्येक प्रकार औषधांनी पूर्ण बरे होतात. तेथे मोठी शस्त्रक्रिया करणे हा रुग्णावर अन्यायच होईल. तोंडातील कार्सिनोमा असेल तर मूळ जागा शोधून शस्त्रक्रिया व किरणोपचार करावयास हवेत. तेथे लिम्फोमाची औषधे देत बसणे म्हणजे महत्त्वाचे महिने वाया घालविणे. येथे चार-पाच प्रतिपिंडांचा संच लावतात. केराटीन तपकिरी झाले व इतर कोरी राहिली तर कार्सिनोमा; पांढऱ्या पेशींची खूण असलेले प्रतिपिंड तपकिरी झाले व केराटीन कोरे राहिले तर लिम्फोमा. रुग्णाच्या पुढील आयुष्याची दिशा अशा वेळी एका काचपट्टीवरील रंगाने ठरते.

ग्रंथीत पसरलेला कार्सिनोमा कोणत्या अवयवातून आला हे शोधण्यासही क्रमांक कामी येतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात बहुधा २० हे केराटीन असते व ७ नसते; स्तनाच्या व फुप्फुसातील ग्रंथीय कर्करोगात बहुधा ७ असते व २० नसते. ‘बहुधा’ हा शब्द येथे सोडून चालणार नाही. स्तनाच्या कर्करोगात काखेतील पहिल्या ग्रंथीत नुसत्या डोळ्यास व नेहमीच्या रंगास चुकलेल्या दहा-वीस पेशी केराटिनाच्या रंगाने उठून दिसतात. प्रोस्टेट ग्रंथीच्या बाबतीत उलटी रीत आहे. तेथे निरोगी नलिकेभोवती तळथराच्या पेशींचे कडे असते व ते विशिष्ट केराटिनाने रंगते. कर्करोगात ते कडे नाहीसे होते. म्हणजे तेथे रंग येणे चांगले, न येणे वाईट! ‘पॉझिटिव्ह’ या शब्दावर आंधळेपणाने घाबरू नये, असे का म्हटले ते यावरून ध्यानात येईल.

तोंडाचा कर्करोग आणि मुंबईतील अभ्यास

बुऱ्हाणपूर, रावेर, भुसावळ या पट्ट्यात, किंबहुना सर्व मध्य व पश्चिम भारतात, अभिस्तर ऊतींचा जो रोग घरोघर परिचयाचा झाला आहे तो तोंडाचा कर्करोग. शनवाऱ्यातील असो की खेड्यातील फाट्यावरची असो, पानाची टपरी कोठेही सापडते. शेतमजूर तंबाखू-चुना मळतात, मागावर रात्रपाळी करणाऱ्यांपैकी कित्येक झोप टाळण्यास पुडी तोंडात धरतात, महाराष्ट्राच्या बाजूच्या स्त्रिया मिश्री लावतात. मध्य प्रदेशात १ एप्रिल २०१२पासून व महाराष्ट्रात त्याच वर्षीच्या जुलैपासून गुटख्यावर बंदी आली. परंतु सुगंधी सुपारी व तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत घेऊन हातावर एकत्र करण्याची पळवाट निघाली, हे अधिकाऱ्यांपासून लपलेले नाही. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही निर्दोष नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीस स्वतंत्रपणे कर्करोगजनक ठरविले आहे.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास मुंबईत झाला. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी वाहिली. मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या एक हजार रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केला, आणि निरनिराळ्या समाजांच्या चालीरीती व कर्करोगाची जागा यांचा संबंध दाखविण्याच्या कामास चालना दिली. सुपारी खाणाऱ्यांचे तोंड हळूहळू उघडेनासे होते, त्या विकाराचे मुंबईतील वर्णन डॉ. जोशी यांनी १९५३ मध्ये केले. १९५२ मध्ये स्थापन झालेले भारतीय कर्करोग संशोधन केंद्र पुढे कर्करोग संशोधन संस्था या नावाने टाटा स्मारक केंद्राचा भाग झाले, आणि २००२ पासून त्याचे काम नवी मुंबईत खारघर येथे चालते.

याच संस्थेत डॉ. मिलिंद वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या अस्तरातील केराटिनांचा दीर्घकाळ अभ्यास केला. गालाच्या अस्तराच्या कर्करोगात केराटिनांची ठेवण पालटते, असे त्यांनी १९८९ मध्ये मांडले. ८ व १८ ही एकेरी अस्तराची जोडी. गालाच्या निरोगी, प्रौढ, थरांच्या अस्तरात तिचे काम नाही. कर्करोगात मात्र ती तेथे प्रकट होते. मग ही केवळ बिघाडाची खूण की बिघाडास हातभार लावणारी गोष्ट? २००४ मध्ये या गटाने दाखविले की थरांच्या अस्तरातील पेशींत ८ व १८ यांचे तंतू तयार झाले, तर त्या पेशी काचपात्रात कर्करोगी पेशींसारखे वर्तन करू लागतात. केराटीन म्हणजे पेशीचा नुसता सांगाडा, ही जुनी समजूत अशा कामामुळे मागे पडली. आपल्याच लोकांच्या आपल्याच व्यसनातून झालेल्या रोगाच्या तुकड्यांवर हे काम झाले आहे, हे येथील शिक्षकांनी विद्यार्थ्यांस आवर्जून सांगावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. तोंडातील नेहमीच्या कर्करोगाच्या निदानास केराटिनाची प्रतिपिंडे लागतच नाहीत. साध्या गुलाबी-निळ्या रंगानेच त्यात केराटिनाचे गोल, एकावर एक पापुद्र्यांचे पुंजके दिसतात. डॉक्टर त्यांस ‘केराटीन मोती’ म्हणतात. इतक्या वाईट गोष्टीस इतके सुंदर नाव क्वचितच मिळाले असेल. तेव्हा ‘आमची ती मोठी तपासणी का केली नाही’ असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. पेशींचे कूळ संशयास्पद असेल तेथेच तिचा खर्च सार्थ होतो. तसेच केराटीन १९च्या तुकड्यांचे रक्तातील प्रमाण मोजणारी एक तपासणी आहे. काही कर्करोगांत उपचाराचा परिणाम पाहण्यास ती डॉक्टर वापरतात. निरोगी माणसास ‘रक्तातून कर्करोग शोधून देतो’ म्हणून कोणी ती गळ्यात मारीत असेल, तर ते पैसे वाया गेले असे समजावे.

तुकडा वाया जाऊ नये म्हणून

प्रतिपिंड कितीही अचूक असले तरी ते ज्यास चिकटावयाचे ते प्रथिन तुकड्यात शाबूत असले पाहिजे. शरीराबाहेर काढलेली ऊती लगेच कुजू लागते, आणि उन्हाळ्यात ४४-४५ अंश तपमानात तर फारच लवकर. मुंबईच्या नामांकित प्रयोगशाळेत तुकडा पोहोचेपर्यंत त्यातील प्रथिने नष्ट झाली असतील, तर काचपट्टी कोरी राहते व निगेटिव्ह असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. पुन्हा तुकडा काढावयाचा म्हणजे पुन्हा प्रवास, पुन्हा मजुरी बुडणे, आणि कित्येकदा रुग्ण परत येतच नाही. हा दोष यंत्रांचा नसतो. तो पहिल्या अर्ध्या तासातील हलगर्जीपणाचा असतो.

यास्तव तुकडा काढताच तो १० टक्के बफरयुक्त फॉर्मॅलिनमध्ये टाकावा. बाजारातील तीव्र फॉर्मॅलिन एक भाग व पाणी नऊ भाग, त्यात आम्लता न वाढू देणारे क्षार, असे ते असते. सलाईनमध्ये, ओल्या कापसात किंवा स्पिरिटमध्ये तुकडा पाठविण्याची प्रथा ताबडतोब बंद व्हावयास हवी. द्रव तुकड्याच्या निदान दहापट असावा. औषधाच्या रिकाम्या अरुंद तोंडाच्या बाटलीत तुकडा कोंबू नये, कारण तो कडक झाल्यावर बाहेरच निघत नाही. रुंद तोंडाची बरणी घ्यावी. बरणीच्या अंगावर, झाकणावर नव्हे, रुग्णाचे नाव, वय, तुकडा कोणत्या जागेचा व डावा की उजवा, आणि काढल्याची तारीख व वेळ लिहावी. झाकणे अदलाबदल होतात. किमान सहा तास तुकडा त्या द्रवात मुरावा लागतो, आणि तीन दिवसांपेक्षा अधिक राहू नये, कारण फॉर्मॅलिन प्रथिनांस इतके घट्ट बांधून टाकते की प्रतिपिंडास वाट सापडत नाही. ती वाट मोकळी करण्यासाठी प्रयोगशाळेत काचपट्ट्या विशिष्ट द्रवात उकळतात. या युक्तीलाही मर्यादा आहेत. शनिवारी काढलेला तुकडा सोमवारी पाठवू, ही सवय म्हणूनच घातक ठरू शकते. फॉर्मॅलिनची वाफ डोळ्यांस व घशास झोंबते, हाताळताना हातमोजे घालावेत व खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

तंत्रज्ञांसाठी आणखी एक. दरवेळी रुग्णाच्या काचपट्टीबरोबर ज्यात केराटीन निश्चितपणे आहे अशी एक काचपट्टी रंगविली पाहिजे. तीही कोरी आली तर दोष रसायनांत आहे. आणि उलट बाजूने, काही मऊ ऊतींच्या कर्करोगांतही, जे अभिस्तर कुळातील नव्हेत, केराटीन सापडते. अत्यंत बिघडलेल्या कार्सिनोमात ते नाममात्र उरते. एका प्रतिपिंडावर निदान बेतू नये, संचच पाहावा, आणि रुग्णाची लक्षणे शेजारी ठेवूनच अहवाल वाचावा.

‘सुरी लागली की गाठ चिडते व पसरते’ ही समजूत तुकडा काढू देण्याच्या आड येते. गाठ पसरते ती वेळ दवडल्याने. तुकडा काढून झालेल्या निदानानंतर रोग वाढलेला दिसतो, याचे कारण पुष्कळदा रुग्ण आधीच उशिरा आलेला असतो, हे आशा कार्यकर्तीने घरोघर समजावून सांगावे. तीस वर्षांवरील सर्वांच्या तोंडाची तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होते. तोंडातील पांढरा चट्टा, विशेषतः मखमलीसारखा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट लागताच होणारी आग, किंवा आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात न जाणे, यांपैकी एकही आढळल्यास तेथे जावे. आरशासमोर उभे राहून हे कोणासही पाहता येते.

निदान झाल्यानंतर रुग्ण जळगाव, इंदूर किंवा मुंबई येथे जातो. बुऱ्हाणपूर मुंबई–इटारसी लोहमार्गावर असल्याने हा प्रवास सर्वांच्या परिचयाचा आहे. पिशवीत जुने अहवाल, एक्स-रे व औषधांच्या चिठ्ठ्या असतात. त्यांत एक वस्तू बहुतेकांकडे नसते. प्रयोगशाळा तुकडा मेणात बसवून त्याचा लहानसा ठोकळा करते. त्यास पॅराफिन ब्लॉक म्हणतात. त्याच्यापासून तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप घेऊन सर्व काचपट्ट्या तयार होतात, आणि नीट ठेवलेल्या ठोकळ्यापासून कित्येक वर्षांनीही नवे काप निघतात. तो हाती असेल तर पुढच्या रुग्णालयात केराटिनाची तपासणी पुन्हा तुकडा न काढता होऊ शकते. म्हणून पहिल्या प्रयोगशाळेकडे लेखी अर्ज करून ब्लॉक व मूळ काचपट्ट्या मागून घ्याव्यात, पोच द्यावी, ब्लॉकवरील क्रमांक अहवालावरील क्रमांकाशी ताडून पाहावा, आणि तो उन्हात वा गाडीच्या तापलेल्या टपावर न ठेवता, मेण वितळणार नाही अशा रीतीने, सुती कापडात गुंडाळून अंगाजवळच्या पिशवीत न्यावा.